नकाराचं पत्र फाडू नका

व्हाइटफील्डमध्ये राहताय, मुलाचं निदान अजून पक्कं नाही आणि दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज नामंजूर झाला? प्रमाणपत्राशिवाय सवलती अडतात, हे खरं. पण २०१६चा दिव्यांग हक्क कायदा अपिलाची वाट ठेवतो. आधी नकार कारणांसह लेखी मागून घ्या. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत राज्य सरकारने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मूल अज्ञान असल्याने पालक म्हणून अर्ज तुम्हीच करायचा.

नकारपत्राची प्रत जोडाच. सोबत थेरपिस्टचे अहवाल, शिक्षकांची निरीक्षणं आणि निमहान्ससारख्या रुग्णालयात पुढच्या तपासणीची तारीख मिळाली असेल तर तो कागदही जोडा. तुमचं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय निकाल देता येत नाही.

थेरपी मात्र थांबवू नका. ती सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही.