मोठा जे, छोटा जे

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून तिथली स्टोरी डोक्यात होती. परवा जमलं. एका कारागीर चाचांनी नव्या तंबोऱ्याची जवारी काढताना रेकॉर्डिंग करू दिलं. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानसेनं हळूहळू घासायचा. मग नुसती 'टण्ण' वाजणारी तार गुंजायला लागते. घासण्याआधीचा आवाज घेतला, नंतरचाही. दोन तास, दोन फाइल्स.

मावसभावाच्या लिनक्स लॅपटॉपवर घाईत इंग्रजीत नावं दिली. दोन्हींचं 'जवारी'च, आधीच्या फाइलचा जे मोठा, नंतरच्या फाइलचा छोटा. लिनक्सच्या लेखी ही दोन वेगळी नावं. पेनड्राइव्हला मात्र दोन्ही जे सारखेच! कॉपी करताना स्क्रीननं विचारलं, 'या नावाची फाइल आहे, बदलू का?' मला वाटलं, तीच फाइल दोनदा जातेय. दाबलं 'हो'. रेकॉर्डर, लॅपटॉप रिकामे केले आणि पुण्याची गाडी पकडली.

ऑफिसातल्या विंडोजवर पेनड्राइव्ह लावला. एकच फाइल. नंतरची! आणि घासलेली घोडी काही परत भरून येत नाही, बॉस.

मग शोधाशोध केली. 1995 पर्यंत विंडोजवर नावाला आठच अक्षरं मिळायची, वर तीन अक्षरांचं शेपूट. आता लांबलचक नावं चालतात, पण नऊ चिन्हं अजूनही बाद. त्यात कोलन, प्रश्नचिन्ह, तारका, तिरकी रेघ आली. म्हणजे लिनक्सवर वेळ '9:30' अशी नावात टाकलीत, तर विंडोज अडणार. मराठी नावांची वेगळीच गंमत. 2017 पूर्वीच्या मॅकवर 'तंबोऱ्या'तला 'ऱ' साठवताना त्याचे 'र' आणि नुक्ता असे दोन तुकडे व्हायचे. दिसायला नाव तेच, पण लिनक्सला ते वेगळं! थोडक्यात, फाइल जिथे उघडणार आहे, तिथे चालेल असं नाव ठेवा. आणि ती तिथे उघडून बघेपर्यंत मूळ फाइल पुसू नका.

चाचांना भीतभीतच फोन केला. ते हसले. "ये की पुढच्या आठवड्यात. दुसरा तंबोरा घेणाराय जवारीला. पण त्याचा आवाज त्याचा असंल बघ, ह्याचा न्हाई."

तिकीट काढलंय. नावंही ठरलीत. एकात 'आधी', दुसऱ्यात 'नंतर'. सगळी अक्षरं छोटी.