खुरपे घरीच ठेवा

शिवनेरी, सज्जनगडाच्या कड्यांवर शिंदळमाकुडी ही छोटी मांसल वनस्पती उगवते. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः आढळत नाही. मुंबईचे गव्हर्नर (१८६२ ते १८६७) बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया’ नाव मिळाले. उन्हाळ्यात ती पाने गाळते. पाणी साठते जाड खोडात. दंडगोलाची जाडी दुप्पट झाली, की दर घनसेंटिमीटरमागे त्याचा बाजूचा पृष्ठभाग निम्मा होतो. साहजिकच बाष्पीभवन घटते. पटत नसेल तर सोललेला अख्खा बटाटा आणि तितक्याच वजनाच्या चकत्या उन्हात ठेवून तासाभराने तोलून पाहा.

कबनूरच्या वर्गात हा प्रयोग सहज होतो. त्यासाठी दुर्मिळ रोप कशाला उपटायचे? सहलीत शिंदळमाकुडी दिसली, तर दुरूनच पाहावी. कुंडीतले कौतुक चार दिवसांचे. कडा मात्र कायमचा ओका होतो.