खलियासोबत काय प्यावं?

दोन आठवड्यांपूर्वी माझ्या घरी एक चांगली बाटली वाया गेली. चूक माझीच होती, त्यामुळे या विकांताला तिचं रीतसर पोस्ट-मॉर्टेम करतो आहे.

झालं असं, की तुलूझला ऑनसाइट असलेला एक मित्र सुट्टीवर आला आणि येताना कॉर्बिएरची रेड वाईन घेऊन आला. कॉर्बिएर म्हणजे फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगर आणि भूमध्य समुद्र यांच्या कुशीतला खडकाळ मुलूख. तिथे कारिन्यां, ग्रनाश, सिरा या द्राक्षांची गडद, दणकट वाईन होते. बाटलीच्या पाठीवर फ्रेंचमध्ये काहीबाही लिहिलं होतं, ते मोबाईलला विचारलं. उत्तर आलं: कोकराच्या मटणासोबत घ्यावी. मटण! आता आमच्या शहरात (कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर, जुन्या मित्रांच्या तोंडी अजून औरंगाबाद) मटण आणि पाहुणे म्हटलं की एकच उत्तर, नान-खलिया. जुन्या शहरातून डबा भरून आणला, पिवळेधमक नान आणले, चौघं जमलो.

पहिला घास तर्रीचा. पहिला घोट वाईनचा. आणि मग शांतता.

तोंडात नुसता जाळ झाला होता. मगाशी नुसती चाखली तेव्हा जांभळासारखी, वाळल्या पाल्यासारखी लागलेली वाईन आता काढ्यासारखी कडू लागत होती. एक मित्र म्हणाला, "यापेक्षा ताक आणलं असतं तर बरं." दुसऱ्याने ग्लासात थम्स अप ओतलं. बाबा शेजारच्या खोलीतून बघत होते. ते घेत नाहीत. एवढंच म्हणाले, "द्राक्षं होती तशी खाल्ली असती तर काय बिघडलं असतं?"

असो. तर मुद्दा असा, की सल्ला चुकीचा नव्हता, तो आपल्यासाठी नव्हता. दक्षिण फ्रान्सचं जेवण आठवून बघा. तुलूझच्या आसपासचा कासुले म्हणजे पांढरे घेवडे, बदकाचं मांस आणि सॉसेज तासन् तास शिजवलेलं प्रकरण. चरबी भरपूर, मीठ बेताचं, मिरची नाही. रेड वाईनमध्ये सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन असतं, कोऱ्या चहासारखं जीभ आवळणारं. ते तोंडात लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. समोर चरबी आणि मांस असलं की त्याची धार बोथट होते, आणि उलट वाईनमुळे त्या जड जेवणाचा चिकटपणा धुऊन निघतो. दोघांचाही फायदा.

खलियात मटण आहे, पण जेवणाचा बॉस मटण नाही, तर्री आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकाला चेतवतं, त्यालाच अल्कोहोलही डिवचतं. त्यामुळे तेरा-चौदा टक्क्यांची वाईन तिखटावर ओतणं म्हणजे आगीत तेल. वर टॅनिनचा कडवटपणा आणखी उठून दिसतो. 'मांसाबरोबर रेड, माशाबरोबर व्हाईट' हा नियम ज्या स्वयंपाकघरात तयार झाला तिथे मसाला हा व्हेरिएबलच नव्हता. आपण तो कोड जसाच्या तसा कॉपी-पेस्ट केला आणि प्रॉडक्शनला टाकला. क्रॅश होणारच.

मग पुढच्या रविवारी नीट डीबग केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खलिया तोच, ग्लास तेच, वाईन फक्त वेगळी. तिन्ही नाशिककडच्या घेतल्या: एक शिनां ब्लां, एक रोझे आणि एक शिराझ. (शिराझ म्हणजे वर आलेलं सिराच, परगावी जाऊन नाव बदललेलं.) शिराझ पुन्हा आपटली, कॉर्बिएरइतकी नाही, पण आपटलीच. रोझे चक्क चालली, फ्रिजमधून थेट काढलेली गार होती म्हणून असेल. आणि शिनां ब्लांने सामना जिंकला. तिच्यात किंचित गोडी शिल्लक असते, ती तिखटाची धार कमी करते. आंबटपणा असतो, तो तर्रीवरचं तेल कापतो. आपण खलियावर लिंबू पिळतो ते आणखी कशासाठी? कांद्याची चकती, लिंबाची फोड आणि गार शिनां, तिघांचं काम एकच.

थोडक्यात, मटण की मासे हे विचारायचंच नाही. तिखट किती, तेल किती, आंबट काय, हे विचारायचं. येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी असेल तर मी गार रोझे घेईन. कांदाभजीबरोबर बुडबुड्यांची स्पार्कलिंग झकास. मिरचीभजीबरोबर मात्र नको, ते बुडबुडे जिभेला टाचण्यांसारखे टोचतात. शिराझ कपाटात ठेवून द्यायची असं नाही. तंदुरीतला कमी तिखट कबाब किंवा मिरपुडीवरचं सुकं मटण असेल तेव्हा तिची पाळी. पुरणपोळीबरोबर 'लेट हार्वेस्ट' गोड वाईन घेऊन पाहिली आणि फसलो. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट पाणी वाटते, आणि पुरणपोळीशी गोडीत कोण स्पर्धा करणार? आमरसाचं तर नावच काढू नका.

आणखी एक कॉपी-पेस्ट म्हणजे 'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी'. कुठल्या रूमच्या? तो नियम युरोपातल्या गार घरांचा, सोळा-अठरा अंशांचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, लाजू नका. आणि दुकानातल्या काचेच्या शोकेसमध्ये दुपारच्या उन्हात उभी असलेली बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. मी घेतली होती. शिजलेल्या मनुकांचा वास आला.

खरं तर आम्ही या बाबतीत इतकं बिचकायचं कारण नाही. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली. खलियाही त्याच्या लष्कराबरोबर आला असं इथे सांगतात. त्याच शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली आहे, आणि वर्षातून दोनदा फळ येतं असंही लिहिलं आहे. आज कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा, तो दोन छाटण्यांचं गणित सांगेल: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून कात्रीने तिला वेळापत्रक शिकवावं लागतं. म्हणजे नान-खलिया आणि द्राक्षं एकाच मुलखात सातेक शतकं नांदताहेत, आणि मी बाटलीच्या पाठीवरचं फ्रेंच वाचत बसलो होतो!

माझी तक्रार आपल्याकडच्या बाटल्यांबद्दलही आहे. नारायणगाव, नाशिक, अकलूज अशा गावांच्या शिवारात पिकलेली द्राक्षं, आणि लेबलवर सल्ला काय, तर चीज, पास्ता, ग्रिल्ड चिकन. ही ज्या घरात जाणार तिथे आज रात्री पिठलं आहे. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं ते इथल्या शेतकऱ्याचा विचार करून. मग जेवणाऱ्याचा विचार कोण करणार? जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला. आमचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी कडाडून विरोध केला, अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीत होते, आणि निर्णय अडकून पडला. त्या वादात 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असा युक्तिवाद ऐकला तेव्हा मला विरोधकांपेक्षा समर्थकांचाच जास्त राग आला. बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहे, दारूच आहे. बाबांसमोर ग्लास भरताना मला तसं म्हणता येत नाही आणि म्हणायचंही नाही. एक ग्लास, तोही जेवणासोबत, आणि नंतर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे, एवढं मी कबूल करतो. त्यावर बाबांचं मत बदललेलं नाही, आणि ते बदलावं असा माझा हट्टही नाही.

एक प्रयोग राहिला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत इकडे हुरडा असतो आणि नेमकी तेव्हाच तिकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी. भाजलेला कोवळा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि एक जर्दाळूच्या वासाची विओन्ये. हे द्राक्षही दक्षिण फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलंच, आता दिंडोरीकडेही लावलेलं. चटणीला लसूण जास्त झाला तर विओन्ये हरेल अशी मला शंका आहे. शेत मित्राचं, बाटली माझी. बाबा येणार आहेत, हुरड्यासाठी. :)