आडवाटेवरची संग्रहालये

आपले अनेक वाचक उन्हाळ्यात मुला-नातवंडांकडे सिएटल-व्हँकुव्हरला जातात. स्पेस नीडल होतं, मॉल होतात. या अंकात आम्ही त्यांना जरा आडवाटेला नेत आहोत: किनाऱ्यावरच्या अशा छोट्या गावांत, जिथल्या मूळ रहिवाशांनी आपला इतिहास स्वतःच मांडला आहे.

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला निआ बे हे मका लोकांचं गाव आहे. त्यांच्या ओझेट वस्तीतली घरं काही शतकांपूर्वी दरड कोसळून गाडली गेली. 1970 मध्ये वादळी लाटांनी किनारा खचला आणि ती उघडी पडू लागली. पुढच्या उत्खननात 55,000हून अधिक वस्तू मिळाल्या. ओल्या चिखलात हवा न पोचल्याने टोपल्या, दोरसुद्धा शाबूत राहिले. देवमाशाच्या पराच्या आकाराचं एक सीडरचं शिल्प तर बघतच राहावं. त्यावर समुद्री पाणमांजराचे सातशेहून अधिक दात जडवले आहेत. हा ठेवा गावातच राहिला आणि 1979 मध्ये मका संग्रहालय उघडलं.

कॅनडातल्या अलर्ट बेच्या उमिस्ता केंद्रात पॉटलॅच या भेटवस्तू वाटण्याच्या पारंपरिक समारंभाचे मुखवटे आहेत. 1885 ते 1951 या काळात त्या समारंभावर बंदी होती. सरकारने जप्त केलेले हे मुखवटे तिथल्या मूळ रहिवाशांनी झगडून परत मिळवले.

‘लोप पावलेलं जग’ हा सूर नको, एवढंच आम्ही या अंकाच्या लेखकांना सांगितलं होतं. ही माणसं आजही तिथेच नांदत आहेत. अशी संग्रहालयं तुम्ही पाहिली असतील, तर आम्हाला जरूर लिहा.