घेताना चिखल, देताना सोने!



झुवारीच्या उत्तर काठावर नावशी, दक्षिण काठावर सांकवाळ. दोन्हीकडे क्रीडानौकांच्या मरीनाचे प्रस्ताव आले, दोन्ही गावांतून कडाडून विरोध झाला. पर्यावरणाच्या हानीवर भरपूर बोलले गेले. परंतु या काठाचे मोल कोणी व कशाच्या आधारे ठरवायचे, या प्रश्नाकडे आपण पाठ फिरवली.

मुरगावसारख्या मोठ्या बंदरांच्या जमिनीसाठी केंद्राने २०१४ साली धोरण आखले. सरकारी दर, आसपासचे गेल्या तीन वर्षांतील व्यवहार, बंदराच्या तशाच जागेला मिळालेली वरची बोली, मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अंदाज आणि इतर बाबी. यांतील सर्वांत वरचा आकडा धरावा, न धरल्यास कारण नोंदवावे, आणि वार्षिक भाडे त्याच्या किमान ६ टक्के असावे. कागदावर सारे चोख! पण नदीच्या पात्राचे खरेदीखत कोणत्या सब-रजिस्ट्रारकडे सापडणार? मग शेजारच्या खाजनाचा दर पुढे केला जातो. आणि खाजन म्हणजे सरकारी नजरेत चिखल.

यातला फरक केवढा, ते पाहा. समजा, जागेची किंमत १ कोटी धरली, तर वर्षाचे भाडे ६ लाख. तीच १० कोटी धरली, तर ६० लाख. तीस वर्षांत, वाढ न धरताही, १६ कोटी २० लाखांची तफावत! मूल्यांकनाच्या एका ओळीत एवढा पैसा दडलेला असतो.

विकासक म्हणतो, गाळ आम्ही उपसणार, धक्के आम्ही बांधणार, मग वाढलेली किंमत आमचीच. त्याचा खर्च त्याने जरूर वजा करावा. पण मरीनाची कमाई कोरड्या जमिनीवर होत नाही, होडी नांगरण्याच्या शांत पाण्यावर होते. ते शांत पाणी काही त्याने बांधलेले नाही. नदी, समुद्रकिनारा ही जनतेची ठेव असून सरकार केवळ विश्वस्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ खटल्यात सांगितले. आपल्याच वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेच्या खटल्यात २००९ साली त्याचा पुनरुच्चार केला. विश्वस्ताने ठेव मातीमोल भावाने द्यावी काय?

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपल्यापैकी अनेक जुन्या घराण्यांची भाटे नि खाजने नदीकाठी आहेत. जमीन गेली तर मरीनाचा भाव मागण्यास आपण वकील लावू. मात्र त्याच पाण्यात तिसऱ्या, खुबे वेचणाऱ्या बाईकडे ना सातबाराच्या तोडीचा कागद, ना वकील. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पाण्यावर तीन वर्षे पोट भरणाऱ्या मच्छीमार कुटुंबालाही बाधित मानले आहे. मेख अशी की, जागा आधीच सरकारची वा बंदराची असेल तर संपादनच होत नाही. संपादन नाही, म्हणून बाधित नाही, म्हणून भरपाई नाही! भाटकाराला दुप्पट आणि पाग्याला शून्य, हा हिशेब मान्य करून आपण गावाचे म्हणून मिरवू शकत नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी द्या. एक, मूल्यांकनाचा अहवाल कुठे आहे आणि कोणता दर धरला? दोन, पाण्याच्या क्षेत्राचे मोल वेगळे काढले काय, आणि उत्पन्नात पंचायतीचा वाटा किती? तीन, मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांची यादी कोणी केली? उत्तरे मिळेपर्यंत ना-हरकत दाखल्याला हात वर करू नका.

आणि सर्व उत्तरे मिळाल्यावरही गाव म्हणू शकतो की हा काठ विकाऊ नाही. तो हक्कही मूल्यांकनातलाच आहे. काही वस्तूंची किंमत ठरवता येते, म्हणून त्या विकायच्याच असतात असे नाही.