घरचे आहेत ना ऐकायला!

‘समुपदेशकाकडे कशाला? आम्ही नाही का घरात?’ मुलानं विषय काढला की बहुतेक घरांत हे उत्तर तयार असतं. त्यात माया असते, थोडा दुखावलेपणाही. पण घरचा माणूस ऐकतो तेव्हा त्या दुखण्यात त्याचाही हिस्सा असतो. बाप अर्धं ऐकूनच सल्ला देतो, आई रडू लागते, आणि बोलणाराच मग तिची समजूत काढत बसतो.

परक्या पण जाणत्या माणसापुढे हे ओझं नसतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धतच पाहा. ‘नापास झालो म्हणजे मी कुचकामी’, या वाक्यातला ‘म्हणजे’ तिथं उलटसुलट तपासला जातो. झोप उडवतो तो हाच शब्द. त्यासाठी अनेक बैठका लागतात, घरी करायचा अभ्यासही असतो. (बँकेचा लॉकर उघडायला दुसरी किल्ली खातेदाराचीच लागते. जुन्या नोकरीतलं उदाहरण, चालवून घ्यावं.)

फीची अडचण मात्र खरी आहे. ‘टेलिमानस’ ही मोफत सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, आणि मराठीतही बोलता येतं. तिचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर, गॅस एजन्सीच्या नंबराशेजारी, सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवावा.