बिबट्याच्या गांवाहून कात्रजला

चैत्र लागला, आंब्याची डाळ आणि पन्हें एकदां पोटांत गेलें, कीं मुलांना कोठें तरी बाहेर नेण्याची टूम घरोघरीं निघते. यंदा पाडव्यानिमित्त आम्ही सहकुटुंब निघोजे येथें आमच्या भगिनीकडे गेलों होतों. तिचे यजमान चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत नोकरीस आहेत. खेड तालुक्यांतील हें जुनें शेतकऱ्यांचें गांव आतां चोहों बाजूंनीं कारखान्यांच्या पत्र्यांनीं वेढलें गेलें आहे. तरी मध्येंच एखाद्या तुकड्यांत ऊंस उभा दिसतो. पुढच्या रविवारीं कात्रजचें राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पाहावें असें सर्वानुमतें ठरलें. (बुधवारीं तें बंद असतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, मुलांसह दारावरून परतण्यासारखा दुसरा कष्टाचा प्रवास नाहीं.)

मोशीपाशीं इंद्रायणी ओलांडली तोंच आठ वर्षांच्या भाच्यानें विचारलें, "मामा, तिथला बिबट्या आपल्या कारखान्यांतलाच आहे का?"

प्रश्न पोरकट नव्हता. २१ मार्च २०२२ रोजीं कुरुळी-निघोजे शिवारांतील मर्सिडीज-बेंझच्या मोटारींच्या कारखान्यांत पहाटे एक बिबट्या शिरला होता. काम थांबलें, कामगार बाहेर राहिले, आणि वन विभागाच्या व माणिकडोहच्या मंडळींनीं सुमारें सहा तासांच्या खटपटीनंतर त्यास गुंगीचें औषध मारून पकडलें. आमचा भाचा तेव्हां चार वर्षांचा. पण घरांत ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे, कीं आपण ती डोळ्यांनीं पाहिली असेंच त्यास वाटतें.

संग्रहालयाचा विस्तार १३० एकरांचा, आणि त्यांत ४२ एकरांचें तळें. याच कात्रजचें पाणी नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत नळानें पुण्यांत आणलें होतें, हें आम्हीं मुलांना सांगून पाहिलें. त्यांचें लक्ष अर्थातच सर्पोद्यानाकडे होतें. भगिनीच्या सासूबाईंचें बालपण मात्र पुण्यांत गेलेलें. पर्वतीच्या पायथ्याशीं सवाई माधवरावांचा शिकारखाना होता, त्याच बाजूस १९५३ सालीं पेशवे उद्यान निघालें, आणि १९५६ पासून तेथें 'फुलराणी' धांवूं लागली. "आम्ही वाघ पाहिला तो गजांच्या आड, इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारणारा," त्या म्हणाल्या. "इथला निदान झाडाखालीं तरी निजतो." १९९९ पासून कात्रजला हा संग्रह उभा राहिला आणि जुन्या उद्यानांतील जनावरें कालांतरानें इकडे आलीं. पिंजऱ्याऐवजीं खंदक व झाडी, हा फरक त्यांनीं एका वाक्यांत सांगितला.

आमच्यासमवेत शेजारचे आबा होते. दोन म्हशींचे मालक. वाघ-अस्वलांपाशीं ते फारसे थांबले नाहींत. चितळांच्या कुंपणापाशीं मात्र बराच वेळ खुरांकडे पाहत राहिले. २०२५ च्या जुलैंत येथील पंधरावर चितळें थोड्याच दिवसांत दगावलीं आणि तपासणीअंतीं तो लाळ्या-खुरकूत निघाला, हें त्यांना ठाऊक होतें. "आमच्या गोठ्यांत येतो तोच हा," ते म्हणाले. दुभंगलेल्या खुरांच्या सर्व जनावरांस हा रोग होतो, मग तें म्हशीचें असो कीं रानांतल्या हरणाचें. म्हशींना त्याची लस टोंचतात. मोकळ्या कळपांतील चितळांना कशी टोंचणार, हा आबांचा प्रश्न आम्हांस निरुत्तर करणारा होता.

बिबट्यापाशीं पोहोंचेपर्यंत ऊन चढलें होतें. तो ओंडक्याच्या सावलींत आडवा पडला होता; शेपटीचें टोंक तेवढें हलत होतें. रात्रीं फिरणाऱ्या जनावराला दुपारीं झोंप हवीच. परंतु भोंवतीं जमलेल्या सुशिक्षित दिसणाऱ्या गृहस्थांना तें पटेना. टाळ्या, शिट्ट्या, 'ऊठ, ऊठ' असा एकच गलका. आमच्या भाच्यानें तोंडावर बोट ठेवून एका थोराड गृहस्थास गप्प राहण्यास खुणावलें. ते हंसले, पण गप्प बसले.

जेवतांना मात्र आमच्याच मंडळींत वाद पेटला. वहिनी म्हणाल्या, बिचाऱ्यांचीं रानें आपण घेतलीं, जातील कोठें? भगिनीस तें सहन झालें नाहीं. "वहिनी, तुम्ही पुण्यांत चौथ्या मजल्यावर राहतां. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास शिरूरकडे पिंपरखेडला जीं माणसें गेलीं त्यांत मुलें होतीं. मी याला सांजवेळीं अंगणांत एकटा सोडत नाहीं." दहींभात क्षणभर तसाच राहिला.

आमचें मत विचाराल, तर भगिनीची भीति खरी आहे, आणि शहरांतून केलेली भूतदया फार स्वस्त असते. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाहीं. जुन्नरकडे धरणांचें पाणी आलें, ऊंस वाढला, आणि उंच दाट उंसांत बिबट्याच्या मादीला पिलें घालण्यास आयती जागा मिळाली; कुत्रीं, शेळ्या, डुकरें हें भक्ष्य जवळच. त्या उंसांत जन्मलेल्या बिबट्याला डोंगराचें रान ठाऊकच नसतें. तोडणीच्या वेळीं पिलें सांपडतात, तेव्हां वन विभागाचे लोक तीं त्याच जागीं पेटाऱ्यांत ठेवतात, आणि अंधार पडल्यावर आई येऊन एकेक पिलूं तोंडांत धरून नेते. पिलें नाहींशीं झालीं तर मादी बिथरते, हा अनुभव. जे बिबटे परत सोडतां येत नाहींत, ते जुन्नर तालुक्यांतील माणिकडोहच्या निवारा केंद्रांत राहतात. पण तेथील जागेलाही मर्यादा आहेच.

हें सर्व ऐकून भाच्यानें मूळ प्रश्न पुन्हां काढला. कारखान्यांतला बिबट्या कात्रजचा नव्हे, हें कळल्यावर तो किंचित् हिरमुसला. मग म्हणाला, "त्याला परत सोडलं असेल, तर त्याला आपली वाट माहीत असेल." भगिनीनें आमच्याकडे पाहिलें; आम्हीं पाण्याचा तांब्या पुढें केला.

परततांना वाहनांच्या गर्दीनें उशीर झाला. निघोज्यांत शिरलों तेव्हां दिवेलागण होऊन गेली होती. आबा म्हशींच्या धारांसाठीं लगबगीनें उतरले आणि प्रथम गोठ्याचें दार नीट लागलें कीं नाहीं तें हलवून पाहूं लागले. भगिनीनें अंगणांतला मोठा दिवा लावला. भाच्यानें कोणीं न सांगतां कुत्र्याला हांक मारली आणि गळपट्टा धरून त्यास ओसरीवर आंत घेतलें.